हौदा आणि घर

माल एकाचा, गाडी दुसऱ्याची, भरणारे हात तिसऱ्याचे. पण वळणावर पेटी घसरली, बांबू सुटला किंवा वाळू सांडली, तर जाब चौथ्यालाच द्यावा लागतो. हा चौथा म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर. हौद्यातला माल मुक्कामाला पोचेपर्यंत जागचा हलू नये, ही जबाबदारी त्याला कुणी समजावून, मोबदला ठरवून दिलेली नसते. ती त्याचीच, असं सगळे धरून चालतात, आणि तोही. हे पुस्तक त्या जबाबदारीविषयी आहे. ते त्याच्या घराविषयीही आहे, कारण माल बांधायला लागणारा तास कुठून तरी काढावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा झोपेतून किंवा घरच्या वेळातून निघतो.

कुडाळ तालुक्यातलं वालावल बाहेरच्यांना लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी, शेजारच्या तळ्यासाठी आणि कर्लीच्या काठावरच्या माडांसाठी माहीत असतं. त्या माडांमागच्या वाड्यांमध्ये खळ्यात उभा असलेला टेम्पो, रस्त्याकडेला लावलेला डंपर, पडवीत गुंडाळून ठेवलेली ताडपत्री मात्र पाहुण्यांच्या फोटोत येत नाही. वालावल, नेरूर, चेंदवण, कवठी, पाट या पट्ट्यात चिरा, वाळू, आंबा, काजू, बांबू, मासळी असं जे काही बाहेर जातं, ते चाकांवरूनच जातं. या पुस्तकातली कथनं याच पट्ट्यातल्या ड्रायव्हरांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत. बोलणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत. रस्त्यावर रोज भेटणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी, मालकांविषयी आणि नाक्यांविषयी मोकळेपणानं बोलायचं तर नाव नको, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ते रास्तच आहे.

या जिल्ह्याचा भूगोलच माल बांधायला शिकवणारा आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री आणि मधे एक अरुंद पट्टी. कोल्हापूर, बेळगाव, सांगलीकडे काहीही न्यायचं तर आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा यांपैकी एक घाट चढावाच लागतो. मुंबईकडे न्यायचं तर महामार्ग ६६. जुनी माणसं त्याला अजून सतराच म्हणतात. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसात, अशा चढावर दहा टन वजन मागच्या बाजूला ओढ घेत असताना दोराची एक गाठ काय करते आणि काय करू शकत नाही, हे ड्रायव्हर ज्या बारकाईनं सांगतात, त्या बारकाईनं मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही.

ही विद्या ट्रकबरोबर आलेली नाही. कर्लीतून होड्या आणि पडाव आत येत होते, तेव्हा माल रचायची अक्कल तांडेलाकडे आणि खलाशांकडे होती. जड ते तळाला, हलकं ते वर, भिजणारं मधोमध, आणि रिकामं परतायचं असेल तर नीरम म्हणून दगड किंवा वाळू. जमिनीवर हेच ज्ञान बैलगाडीवाल्याकडे होतं. वेंगुर्ला बंदर भरात होतं तेव्हा घाटावरून गूळ, तंबाखू, कापूस उतरायचा आणि मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढायचे. आधी रामघाटातून आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा रस्ता झाल्यावर त्या वाटेनं. पुढे भार जास्त झाला की गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर येते. मागे जास्त झाला की उलाळ होते आणि चढावर जू वर उचललं जातं. आजचा सहाचाकी ट्रक चालवणारा ड्रायव्हर हेच सांगतो, फक्त बैलांच्या मानेऐवजी स्टिअरिंगविषयी. माल मागच्या आसाच्याही मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि घाटात गाडी हाताला लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकलेले ट्रक बाजारात आले. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी डाइमलर-बेंझच्या साहाय्यानं ट्रक बांधायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत घाटातल्या बैलगाड्या संपल्या. बंदरांचं महत्त्व त्याआधीच ओसरलं होतं, कारण मुरगावचं बंदर रेल्वेनं घाटमाथ्याशी जोडलं गेल्यावर वेंगुर्ल्याचा व्यापार तिकडे वळला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली, पण तिनं गावचा माल थोडाच उचलला. तिनं केलेली एक गोष्ट मात्र आपल्या विषयात मोठी आहे. जानेवारी १९९९ पासून तिनं कोलाड ते वेर्णा अशी भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. रो-रो म्हणतात ती हीच. तिथे ट्रकच्या चाकांना अडसर लावून गाडी साखळ्यांनी वाघिणीला जखडतात आणि ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये पाठ टेकतो. एरवी रात्रभर माल सांभाळणाऱ्या माणसाला या एका प्रवासात दुसरं कुणी तरी सांभाळून नेतं. पुस्तकातले ड्रायव्हर रो-रोविषयी बोलताना वाचलेल्या डिझेलचा हिशेब नंतर सांगतात, झोपेचा आधी.

माल जागेवर ठेवण्याच्या जगभर मुख्यतः तीन रीती आहेत आणि त्या तिन्ही आपल्या रस्त्यांवर दिसतात. पहिली आवळण्याची. दोर, पट्टा किंवा साखळीनं माल हौद्यावर इतका दाबायचा, की तळाशी घर्षण वाढून तो सरकणार नाही. दुसरी अडवण्याची. माल फाळक्याला, पुढच्या भिंतीला आणि एकमेकांना असा भिडवायचा, की सरकायला जागाच उरणार नाही. तिसरी कोंडण्याची, म्हणजे सगळा माल पेटीत घालून पेटीच गाडीला जखडायची. या तिसऱ्या रीतीनं जगाचा व्यापार बदलला. तिचा जनक माल्कम मॅकलीन हा मुळात ट्रकवाला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजानं न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या नेल्या आणि कंटेनरचं युग सुरू झालं. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर महामार्गांवर नित्याचे झाले. पण कंटेनरमध्ये शिरणारा माल एका मापाचा, एका जागी भरणारा आणि एका जागी उतरणारा हवा. वालावलच्या परिसरातला माल तसा नाही. इथे पहिल्या दोन रीतीच चालतात, आणि कुठल्या मालाला कुठली, हे ओळखण्यातच ड्रायव्हरचा कस लागतो.

चिऱ्याला दोर लागत नाही. एक चिरा तीस किलोच्या पुढेमागे, म्हणजे तीनशे चिरे नऊ टनांच्या घरात जातात. जांभ्याचा पृष्ठभाग खरबरीत, एकावर एक बसला की तो स्वतःलाच धरून राहतो. थर फाळक्याच्या वर गेला नाही, म्हणजे झालं. वाळूचं गणित वेगळं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि कोरड्या वाळूचंही त्यात साडेचार टनांच्या आसपास वजन बसतं. खाडीतून नुकतीच काढलेली वाळू त्याहून जड. ती पाणी गाळत जाते आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत वाऱ्यानं उडते, म्हणून ताडपत्री सक्तीची. मासळीच्या गाडीतून गळणारं बर्फाचं पाणीही तसंच. एका गाडीचं पाणी दुसऱ्याच्या चाकाखाली निसरडं होतं, आणि घाटातली कित्येक भांडणं त्यावरून झालेली आहेत.

आंबा मात्र या सगळ्यांहून अवघड, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. मार्च ते मे या महिन्यांत कुडाळहून संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे वाशीच्या बाजारात लागायला हवी. मधे साडेचारशे किलोमीटरच्या वर रस्ता. माल हलका, पण थप्पी उंच. दोर आवळला तर वरच्या पेटीची फळी चेपते आणि खालच्या थरातलं फळ डागाळतं. सैल सोडला तर थप्पी एका वळणावर डावीकडे आणि दुसऱ्या वळणावर उजवीकडे कलते, आणि तासाभरात पेट्यांच्या कडा फळांना घासायला लागतात. ताडपत्री घट्ट ओढावी तर आत ऊब कोंडून फळ वाटेतच पिकायला लागतं. उघडी ठेवावी तर मे महिन्यातला एखादा वळीव सगळं भिजवून जातो. म्हणून जाणता ड्रायव्हर आंब्याला आवळतच नाही, अडवतो. पेट्या पुढच्या भिंतीला भिडवतो, मधल्या फटी पेंढ्यानं भरतो, वरच्या थरावर फळ्या टाकून मग दोर नेतो, म्हणजे दाब एका पेटीवर न येता पसरतो. ताडपत्रीच्या दोन्ही बाजू वीतभर उचलून बांधतो. यातलं काहीही त्याला कुठल्या शाळेनं शिकवलेलं नाही. हापूसच्या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बागायतदारांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. ज्यानं तो आंबा डागाशिवाय वाशीला पोचवला, त्याची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

बांबूची गोष्ट निराळी. कुडाळ-माणगाव भागातला माणगा बांबू घाटावर जातो. तो लांब, गुळगुळीत आणि हिरवा असताना निसरडा. चढावर मागे सरकतो, उतारावर पुढे केबिनवर येतो. फाळक्याबाहेर आलेल्या टोकांना लाल फडकं बांधलं की काम झालं, असं फार वर्षं मानलं जात होतं. हौद्याबाहेर मालाची टोकं काढायला नियमांत असलेली सवलत केंद्र सरकारनं २०१४ मध्ये काढून टाकली, कारण अशा सळयांवर आणि बांबूंवर रात्री मागून गाड्या आदळून माणसं मरत होती. नियम चांगला आहे. पण त्यामुळे बांबू आखूड झाला नाही, आणि हौदाही लांब झाला नाही. व्यापारी अजून त्याच लांबीचा माल त्याच गाडीत घालायला सांगतो, आणि दंडाची पावती ड्रायव्हरच्या हातात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाजूंनी, मागून किंवा उंचीत बाहेर आलेल्या मालासाठी हा दंड २० हजार रुपये आहे. जादा वजनासाठीही २० हजार, आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार.

एक गाठ इथे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकात ती वारंवार येते आणि नवख्या वाचकाला ती डोळ्यांपुढे असलेली बरी. दोराचं एक टोक गाडीच्या पलीकडच्या हुकात पक्कं करायचं आणि दोर मालावरून अलीकडे टाकायचा. छातीच्या उंचीवर दोराला पीळ देऊन एक डोळा करायचा. खाली राहिलेला दोर हौद्याच्या हुकाखालून घेऊन त्या डोळ्यातून ओवायचा आणि सगळ्या अंगाचा भार टाकून खाली ओढायचा. तो डोळा कप्पीचं काम करतो. कागदावर यातून तिप्पट ताण मिळतो. घर्षणात बराच जातो, तरी नुसत्या ओढण्यापेक्षा कितीतरी जास्त उरतो. शेवटी सुरगाठ मारायची, निरगाठ कधीच नाही, कारण ती रात्री पावसात, सुजलेल्या बोटांनी सोडायची असते. जुना सुती किंवा काथ्याचा दोर भिजला की आखडून घट्ट होतो आणि वाळला की ढिला पडतो. नायलॉनचा दोर याच्या उलट वागतो, भिजला की ताणला जातो. म्हणून पावसाळ्यात खाली नीट आवळलेला नायलॉनचा दोर घाटात सैल सापडतो, आणि आंबोलीच्या पायथ्याच्या दाणोलीला चहासाठी थांबणारा शहाणा ड्रायव्हर चहाआधी गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक दोर हातानं झटकून बघतो. अमेरिकेच्या नियमांत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत माल एकदा तपासावा आणि मग दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरनी, असं लिहून ठेवलेलं आहे. आपल्याकडे हीच गोष्ट जुना ड्रायव्हर नव्या क्लीनरला शिव्या घालून शिकवतो. माल भरण्याआधी हौदा झाडायलाही तोच शिकवतो, कारण तळाला राहिलेली वाळू मालाखाली गोट्यांसारखी फिरते आणि घर्षण खाऊन टाकते.

युरोपातल्या मानकात पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि दोन्ही कडांना ५० टक्के इतका जोर धरला जाईल अशी बांधणी मागितलेली आहे. दहा टन माल असेल, तर ब्रेक लागताच आठ टनांचा धक्का पुढच्या भिंतीनं आणि दोरांनी मिळून सोसायचा. हा आकडा प्रत्येक ट्रकमालकानं भिंतीवर लिहून ठेवावा इतक्या महत्त्वाचा आहे. कारण आपला रस्ता बदलतो आहे. झाराप ते पत्रादेवी चौपदरी झाला, पुढे इतर टप्पेही झाले, आणि ज्या रस्त्यावर ट्रक चाळीसनं जायचा तिथे तो सत्तर-ऐंशीनं जाऊ लागला. वेग दुप्पट झाला की वळणावर मालाला बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. चाळीसला पुरलेली बांधणी ऐंशीला पुरत नाही. रस्ता रुंद झाला, दोर मात्र तेच राहिले. हे पुस्तक आत्ताच यायला हवं होतं, त्याचं माझ्या मते हे पहिलं कारण.

दुसरं कारण तासांचं आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. त्यात कामाच्या तासांची व्याख्या फार समंजस होती. गाडी चालवण्याच्या वेळेबाहेर गाडीसाठी आणि तिच्या मालासाठी केलेलं काम, अगदी माल चढवणं-उतरवणं धरून, कामाच्या वेळेतच मोजावं असं ती सांगत होती. पण कायदा लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला. एका-दोन गाड्यांचा मालक आणि त्याच्याकडचा ड्रायव्हर त्याच्या बाहेर, आणि वालावलसारख्या गावात बहुतेक गाड्या अशाच. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा सामावून घेतला गेला. गावातल्या खळ्यापर्यंत त्याचा उजेड पूर्वीही पोचला नव्हता. सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये देशभरच्या ट्रकचालकांची पाहणी केली, तेव्हा ते दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात असं दिसलं. यात थप्पी रचून घेण्याचा, दोर आवळण्याचा आणि ताडपत्री ओढण्याचा वेळ धरलेला नाही. ड्रायव्हर स्वतःही तो धरत नाही. किती वेळ काम केलंत, असं विचारलं की तो गाडी सुटल्याची वेळ सांगतो.

माल भरणाऱ्यांच्या बाजूनं महाराष्ट्रानं देशाला वाट दाखवली, हेही इथे सांगायला हवं. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला मजुरी, भविष्यनिधी आणि मंडळ मिळालं. पुढे ट्रकवाल्यांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशी घोषणा दिली, कारण वाराईच्या नावाखाली भरणावळीचा आणि उतरणावळीचा भार गाडीवर टाकला जात होता. या वादात मी ट्रकवाल्यांच्या बाजूचा आहे, पण माथाड्यांच्या विरोधात नाही. दोघांमधल्या फटीत एक काम पडून राहिलं आहे, ते म्हणजे बांधणी. गोणी थप्पीला लागली की हमालाचं काम संपतं, आणि गाडी सुटली की वाहतूकदाराचं सुरू होतं. मधला पाऊण तास, कधी दीड तास, कुणाच्याच हिशेबात नाही.

आता घर. कोकणातल्या ड्रायव्हरच्या घराचं वर्ष मालावरून ठरतं. एप्रिल-मे महिन्यांत मुलांना सुट्टी, गावात लग्नं, चाकरमानी आलेले, आणि नेमका तेव्हा आंब्याचा हंगाम, म्हणून बाप वाशीच्या वाटेवर. जूनमध्ये चिऱ्याच्या खाणी बंद होतात, खाडीतली वाळू थांबते, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते. गाडी उभी आणि माणूस घरी. तेव्हा तो तरवा काढायला आणि लावणीला असतो, आणि घरात पैसा नसतो. पाठोपाठ चतुर्थी. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर दरवर्षी अवजड वाहनांना काही दिवस बंदी घालतात. चाकरमान्यांची वाट मोकळी व्हावी म्हणून केलेली ही सोय अवजड गाडीवरच्या ड्रायव्हरला गणपतीपुढे आरतीला उभं करते. रजेचा अर्ज लिहिण्याची सवय नसलेल्या या धंद्यात सरकारनं काढलेला तो कागदच त्याच्या सुट्टीचा कागद.

ताडपत्री घरी येते, हे मला या कथनांमधून कळलेलं सगळ्यात मोलाचं. ट्रिपवरून आल्यावर ती खळ्यात पसरून वाळवायची, फाटकी जागा शोधायची, दाभण आणि सुतळी घेऊन ठिगळ लावायचं. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात. नवरा तेवढ्यात झोपतो. एका बाईनं सांगितलं, की ठिगळ कुठे पडलंय त्यावरून तिला माल कुठे घासला ते कळतं, आणि पुढच्या खेपेला तिथे पोतं दुमडून घाला असं ती सुचवते. माल बांधण्याचं ज्ञान गाडीत जेवढं आहे तेवढंच पडवीत आहे, असं म्हणायला यामुळे आधार मिळतो. ट्रिपचा हिशेबही बऱ्याचदा तिच्याच वहीत असतो. डिझेल, टोल, जेवण, हमाली, नाक्यावरचं काय ते, आणि मालकाकडून यायची बाकी. फोन येण्याआधी निरोप एसटीच्या कंडक्टरकडे दिला जाई. आता रात्री अकराच्या सुमारास फोन येतो. ‘खंय पोचलात? जेवलात काय?’ आणि मग, पाऊस असेल तर, ‘दोर बघलात मां?’

घाटात फोन लागत नाही तेवढा वेळ घरात कुणी झोपत नाही. हे सगळ्या कथनांत आहे, आणि कुणीही ते मोठं दुःख म्हणून सांगितलेलं नाही. म्हणूनच ते नीट वाचायला हवं. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत कामासाठी बंद झाला आणि वाहतूक दुसऱ्या घाटांकडे वळली, तेव्हा या घरांतल्या बायकांना नव्या वाटेवरची रेंज असलेली आणि नसलेली ठिकाणं पाठ करावी लागली. पोहोचायला किती उशीर म्हणजे काळजीचा, याचं नवं माप बसवावं लागलं.

ट्रकवाल्यांविषयी आजवर जे लिहिलं गेलं, त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. एक वाट अपघातांची, तीत ड्रायव्हर आरोपी असतो. एक वाट आरोग्याची. एड्सच्या साथीत राष्ट्रीय कार्यक्रमांनी महामार्गांवर मोलाचं काम केलं, पण त्या साहित्यात ट्रकवाला मुख्यतः रोग वाहून नेणारा म्हणून आला आणि त्याची बायको रोग लागणारी म्हणून. एक वाट अर्थशास्त्राची, जिच्यात तो भाड्याच्या दरातला एक घटक असतो. आणि एक वाट रंगवलेल्या फाळक्यांची, शेरोशायरीची, हॉर्नची. ती रंजक आहे, पण फाळक्यावर काय लिहिलंय ते वाचताना फाळक्याच्या आत काय आहे आणि ते कसं उभं आहे, हे बघायचं राहून जातं. मराठीपुरतं बोलायचं तर मुंबईतल्या चाकरमान्यावर आपण भरभरून लिहिलं, खलाशावर आणि दर्यावर लिहिलं. घाट चढणारा माणूस मात्र आपल्या कथांत बहुतेक वेळा कुणाला तरी लिफ्ट देण्यापुरता येतो.

जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ड्रायव्हर गाड्या उभ्या करून बसले. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, तिच्याविरुद्ध. दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि सरकारनं ती तरतूद लगेच लागू न करण्याचं मान्य केलं. त्या दोन दिवसांत ड्रायव्हर आपल्यासाठी काय करतो ते शहरांना दिसलं, आणि तिसऱ्या दिवशी विस्मरणात गेलं. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट. पण जुनी गाडी घेऊन चिरा ओढणाऱ्याला ती लवकर मिळणार नाही, आणि दोर आवळण्याचं काम केबिनबाहेर उन्हातच होणार आहे.

हे पुस्तक तंत्राची हस्तपुस्तिका नाही, तरी त्यातल्या बांधणीच्या नोंदी नव्या ड्रायव्हरला आणि क्लीनरला उपयोगी पडतील. ते समाजशास्त्राचा प्रबंध नाही, तरी घरच्या वह्यांतले हिशेब अभ्यासकाला पुष्कळ देतील. ड्रायव्हर आणि त्याच्या घरचे एकाच दिवसाविषयी वेगवेगळे बोलले आहेत, आणि दोन्ही बोलणी शेजारी-शेजारी ठेवली आहेत. कुठे ती जुळतात, कुठे जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे संपादनात हात घातलेला नाही. बोली जशीच्या तशी आहे. घाटावरच्या वाचकाला सुरुवातीला मालवणी अडेल, पण दोन-तीन पानांत कानाला बसेल. क्लीनर पोरांची कथनं कमी आहेत, ही खरी उणीव. या कामाला हल्ली नवी मुलं येत नाहीत आणि आलेली बोलायला थांबत नाहीत.

ही कथनं वाचून माझ्या मनात एक मागणी पक्की झाली. बिल्टीवर मालाचं नाव, नग, वजन, भाडं यांचे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना हवा, बांधणीला लागलेल्या वेळाचा. किती वाजता भरून झालं, किती वाजता दोर बांधून झाले. तो वेळ लिहिला गेला की त्याचे पैसे मागता येतील आणि तो ड्रायव्हरच्या कामाच्या तासांत मोजता येईल. घाईनं गाडी सोडायला लावलेली असेल तर अपघातानंतर तेही कागदावर दिसेल. वालावलच्या एका जुन्या ड्रायव्हरपुढे मी हे बोलून दाखवलं. त्यानं विचारलं, ‘रकानो घाला, पण पैशे कोण देतलो?’ माल ज्याचा आहे त्यानं, असं माझं उत्तर आहे. आंब्याच्या पेटीमागे काही पैसे, चिऱ्याच्या गाडीमागे काही रुपये, एवढाच हा भार आहे. दर ठरवायला व्यापारी, वाहतूकदार आणि ड्रायव्हर यांनी एका टेबलाशी बसावं लागेल. त्या बैठकीत हिशेबाची वही घेऊन पडवीतली बाईही असावी. गाडी किती वाजता सुटली आणि माणूस घरी किती वाजता आला, हे तिनं आधीपासून लिहून ठेवलेलं आहे.